तुम्ही बदललेला रक्तगट

बाई,

मी आता तुमच्यापेक्षा मोठी झाले. म्हणजे मुलुंडच्या शाळेत तुम्ही आम्हाला नववीला जीवशास्त्र शिकवत होतात, तेव्हाच्या तुमच्यापेक्षा. तुम्ही तेव्हा चाळिशीच्या असाल आणि आम्हाला म्हाताऱ्या वाटायचात. मी बावन्नची आहे. घाटकोपरच्या एका शाळेत तेच जीवशास्त्र शिकवते आणि मुलांना मी केवढी वाटते हे विचारायच्या भानगडीत पडत नाही. गुडघे दुखतात. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत तासाची पहिली पाच मिनिटं गेलेली असतात. मग फळ्यावर ‘पेशी’ लिहायचं, शेजारी ‘सेल’ लिहायचं, कारण आता विज्ञान इंग्रजीतून आणि समजावणं मराठीतून असा प्रकार आहे, आणि सव्वीस वर्षं सांगितलेलं पुन्हा सांगायचं. कधीकधी वाक्य अर्ध्यावर असताना मला वाटतं, हे मी आत्ताच सांगितलं, याच वर्गाला. मुलांकडे बघते तर ती माना खाली घालून लिहून घेत असतात. म्हणजे नसेल सांगितलं. चार तुकड्या होत्या त्या दोनवर आल्या आहेत. मधूनच मतदार याद्यांचं काम येतं, कसली तरी माहिती ऑनलाइन भरायची असते, आणि ते सगळं आटपून उरलेल्या वेळात मी शिक्षिका असते. हे तुम्हाला सांगून काय उपयोग, पण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते त्यांचं सांगायला लागतात.

आज रविवार आहे. पेपर तपासायला घेतले होते, ते बाजूला ठेवून उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पुरवणीवर हे लिहिते आहे. गेल्या दोन महिन्यांत वर्गात एक गोष्ट घडली, ती तुम्हालाच सांगायला हवी. पण ती सांगायची तर आधी आपलं दोघींचं जुनं काढावं लागेल.

तुमच्या प्रयोगशाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता आणि त्याचा आरसा तडकलेला होता. कांद्याचा पापुद्रा बघायला आम्ही बावन्न मुलं-मुली रांगेत उभी राहायचो. एकाने रांग टाळून पुस्तकातलीच आकृती वहीत उतरवली, विटांच्या भिंतीसारखी सरळ, नेटकी. तुम्ही ते पान त्याच्यासमोर टरकन फाडलंत. “हे तुला दिसलं? मला पुस्तकातली पेशी नको. तुला वेडीवाकडी दिसली तर वेडीवाकडी काढ. काहीच दिसलं नाही तर ‘दिसलं नाही’ असं लिही. त्यालाही मी मार्क देईन.” आणि खरंच दिलेत. माझ्या मैत्रिणीने ‘फक्त माझी पापणी दिसली’ असं लिहिलं होतं, तिला दहापैकी सहा. शब्द समजावून सांगायची तुमची रीत घरातली असायची. परासरण म्हणजे काय, तर रात्री पाण्यात टाकलेली मनुका सकाळी बघा. विकर म्हणजे काय, तर घास गिळू नका, चावत राहा, भात गोड कधी लागतो ते सांगा. अख्खा वर्ग कोरडा भात चावत बसलेला मला अजून दिसतो. मी शिक्षिका झाले ती त्या भातामुळे, असं मी मुलाखतीत सांगितलं होतं. ते खरं होतं.

मग रक्तगटाचा तो आठवडा आला. तुमच्या ओळखीचे एक पॅथॉलॉजीवाले वर्गात आले, स्पिरिटचा वास सुटला, बोटं टोचली, एक मुलगी बाकावरच कलंडली. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्ताचे थेंब आणि त्यांत दोन बाटल्यांतले दोन रंग, एक निळा, एक पिवळा. दूध नासतं तसं माझं रक्त पिवळ्यात फुटलं आणि तुम्ही म्हणालात, “ही बी.” मला फार भारी वाटलं. ‘ओ’वाले पुष्कळ निघाले होते. तुम्ही सांगितलंत, घरी जाऊन आईवडिलांचे रक्तगट शोधून आणा, तक्ता करा, मग गंमत दाखवते.

बाबा तेव्हा गिरणी सुटून मुलुंडच्याच एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. कारखान्यातल्या शिबिरात रक्त द्यायचे, त्याचं कार्ड त्यांच्या पाकिटात असायचं. आईचा अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा कागद बिस्किटांच्या डब्यात होता. दोघांचंही ओ. मी पट्टी घेऊन तक्ता आखला. बाबा ओ, आई ओ, मी बी. अक्षरं छान काढली होती, बाई. तुम्ही बघाल म्हणून.

तुम्ही बाकांमधून फिरत आलात. माझ्याजवळ थांबलात, वही उचललीत, परत खाली ठेवलीत. मी वाट बघत होते कौतुकाची. तुम्ही लाल पेन काढलंत आणि बाबांच्या ‘ओ’वर काट मारून वर बी लिहिलंत. म्हणालात, “वडिलांचं कार्ड चुकलंय. शिबिरात घाईघाईत लिहितात.”

मी उभी राहिले. “पण बाई, कार्डावर ओच आहे. तुम्हीच म्हणता ना, जे दिसलं तेच लिहायचं?”

“खाली बस. फार बोलतेस हल्ली.”

वर्ग हसला. तोवर तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. पुढच्या तासाला तुम्ही ती गंमत दाखवली नाहीत. पोर्शन मागे पडलाय म्हणालात आणि धडा पुढे नेलात. त्या वयात मला शंका आली असती तर बरं, पण मला फक्त अपमान कळला. माझ्या स्वच्छ तक्त्यावर लाल काट, एवढंच.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तुम्ही आमच्या खोलीवर आलात. आई खाली बसून सुकट निवडत होती. गडबडून उठायला लागली तर तुम्ही म्हणालात, “राहू दे हो, बसा,” आणि स्वतःच पाट ओढून तिच्यासमोर बसलात, कांजीच्या साडीत. आईने मला दुधाला पाठवलं. मग दारापर्यंत गेल्यावर हाक मारून म्हणाली, “आणि येताना साबण पण आण गं, कोपऱ्यावरच्या दुकानातूनच आण.” कोपऱ्यावरचं दुकान लांब होतं. मी परत आले तेव्हा तुम्ही दोघी गप्प होतात. आईचे डोळे लाल होते आणि सुकटीचं तिखट पाणी हाताला होतं ते डोळ्यांत गेलं असं ती म्हणाली. सुकटीला तिखट पाणी नसतं. तुम्ही चहा घेतलात, मला म्हणालात, “आकृत्या छान काढतेस.” मी उत्तर दिलं नाही. रागावले होते ना.

नंतर आनुवंशिकतेची व्याख्या तुम्ही फळ्यावर लिहीत होतात. ‘आईवडिलांकडून’ असं लिहिलंत, थांबलात, हाताने पुसलंत आणि तिथे ‘जनकांकडून’ लिहिलंत. म्हणालात, यापुढे हाच शब्द वापरायचा, जनक म्हणजे जन्म देणारे. मागून एकजण ओरडला, “बाई, जनक म्हणजे सीतेचे बाबा ना?” सगळे हसले. एरवी तुम्ही सगळ्यांत मोठ्याने हसला असतात. त्या दिवशी तुम्ही फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिलात आणि बराच वेळ वळला नाहीत. सीता जनकाला नांगरताना शेतात सापडली होती, हे त्या पोराच्या डोक्यात नसणार. माझ्याही नव्हतं.

दहावी झाल्यावर तुम्ही मला तुमची वही दिलीत. जाड पुठ्ठ्याची, तुमच्या हाताने लिहिलेली. जीवशास्त्रातले शब्द आणि प्रत्येकापुढे तुमच्या भाषेत अर्थ. पेशीपासून पचनापर्यंत, पानाच्या कडेला मनुका आणि भात. मी ती घेतली, नमस्कार केला, पण मन साफ नव्हतं.

पुढे कॉलेजात आम्हाला रक्तगटांची आनुवंशिकता आली तेव्हा मला समजलं की ओ आणि ओच्या पोटी बी येत नाही. आईकडून एक जनुक येतं, वडिलांकडून एक, आणि ओवाल्याकडे द्यायला ओशिवाय काही नसतं. मी मनात म्हटलं, बाई बरोबर होत्या, बाबांचं कार्ड चुकलं असणार. तुमच्या लाल पेनावर माझा तेवढा विश्वास होता. मग बाबांना हृदयाचा त्रास झाला, ऑपरेशन ठरलं, रक्ताची सोय करायला मला चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीवर हॉस्पिटलने स्वतः तपासून ओ लिहिलं होतं. मी कॉरिडॉरमध्ये ती चिठ्ठी धरून उभी राहिले आणि काउंटरवरच्या बाईला दोनदा विचारलं, नक्की ना? ती म्हणाली, “अहो ताई, यात चुकून कसं चालेल?” मी रक्त आणलं. बाबा त्या दुखण्यातून उठले नाहीत. त्यांना विचारायचं राहून गेलं, आणि विचारण्याची ती वेळही नव्हती.

त्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी आईला विचारलं. ती लसूण सोलत होती. सोलतच राहिली. म्हणाली, “तू माझ्या धाकट्या बहिणीची.” ती मावशी माझ्या जन्मानंतर आठव्या दिवशी गावीच वारली. तिच्या नवऱ्याने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि पोरीचं काय करायचं म्हणून माझ्या आजीला कळवलं. आईला मूल होत नव्हतं. बाबांनी गिरणीतून चार दिवस रजा काढली, एसटीने गेले आणि मला टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. “तुझ्या बाईंना ठाऊक होतं,” आई म्हणाली. “मीच सांगितलं त्या दिवशी. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, चूक माझी झाली, असा तक्ता मी परत कुणाला करायला लावणार नाही. मी म्हटलं, दहावी झाली की सांगते तिला. मग म्हटलं बारावी होऊ दे. मग तुझे बाबाच म्हणाले, कशाला.”

आईवर राग धरून किती दिवस राहणार? सकाळी उठलं की डबा तिनेच भरलेला असायचा. तो सगळा राग मी तुमच्यावर काढला. विज्ञान शिकवणारी बाई, मुलांना सांगते दिसलं तेच लिहा, आणि स्वतः लाल पेनाने एका मुलीच्या वहीत खोटं लिहिते. तुमच्यामुळे मला ते चौदाव्या वर्षी कळलं नाही आणि कळलं तेव्हा बाबा नव्हते. मी बी.एड. करत होते. ठरवलं, आपण कधीच असं करायचं नाही. तुमची वही काढून ते पान बघितलं. ‘आईवडिलांकडून’ खोडून ‘जनकांकडून’ केलं होतं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘आईवडील हा शब्द इथे वापरू नये.’ तेव्हा ते वाचून राग कमी झाला नाही. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मी कार्यक्रमाला आले, मागे बसले, जेवून गेले. पुढे तुम्ही गेल्याचं कुणीतरी फोनवर सांगितलं, त्यालाही आता अठरा वर्षं झाली.

तर आता या वर्षीचं.

नववीत एक मुलगी आहे. डाव्या हाताने लिहिते, त्यामुळे तिच्या करंगळीला कायम शाई. असल्फ्याच्या टेकडीवर राहते. वडील साकीनाक्याला एका गाळ्यात लेथवर काम करतात, आई शिवणकाम करते. प्रश्न विचारून डोकं खाणारी मुलगी. अशी वर्गात एक असली की मी दोन जिने चढून येते त्याचं काहीतरी चीज होतं. मी वर्गात रक्तगटांचे तक्ते करून घेत नाही, कधीच घेतले नाहीत. पण आता मुलांना कुणी सांगावं लागत नाही. पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला होता, तेव्हाचे रिपोर्ट आईच्या मोबाइलमध्ये होते, आईवडिलांचे जुनेही होते. धडा संपता संपता तिचा हात वर.

“मॅडम, ओ आणि ओचं बी होतं का?”

मला तिथेच कळलं. तरी विचारलं, “कोणाचं?”

“माझं. माझं बी आलंय. मम्मीचं ओ, पप्पांचं पण ओ. गुगल म्हणतं असं होतच नाही.”

मागून एक मुलगा म्हणाला, “वाट लागली! तू हॉस्पिटलात बदलली असणार.” सगळा वर्ग खिदळला. तीसुद्धा हसली, पण माझ्याकडे बघत हसली. उत्तराची वाट बघत.

बाई, सव्वीस वर्षं मी या प्रश्नाची तयारी केलेली होती असं मला वाटायचं. प्रत्यक्षात अडतीस मुलं बघत होती. आणि माझ्या तोंडून आलं, “होतं. क्वचित होतं. बॉम्बे ब्लड ग्रुप ऐकलाय का कुणी?”

मग मी तो शिकवला. इतका चांगला शिकवला की गेल्या कित्येक वर्षांत मी तसं काही शिकवलं नसेल. रक्ताच्या पेशीवर एक खुंटी असते असं समजा, मी सांगितलं. तिच्यावर कुणी ए नावाचा शर्ट टांगतो, कुणी बी नावाचा. ओवाल्याकडे शर्टच नसतो, खुंटी रिकामी. पण फार थोड्या माणसांकडे खुंटीच नसते. त्यांच्या कपाटात बीचा शर्ट असतो, पण टांगणार कुठे? तपासणी करणारा भिंत बघतो, शर्ट दिसत नाही, तो लिहितो ओ. पुढे त्या माणसाला मूल होतं, मुलाला कपाटातला शर्ट मिळतो आणि खुंटी दुसऱ्या जनकाकडून मिळते. झालं, मूल बी. आणि हा गट पहिल्यांदा सापडला तो आपल्या मुंबईत, म्हणून नाव बॉम्बे.

तिचा चेहरा असा उजळला! “म्हणजे माझे पप्पा बॉम्बे?”

“असू शकतात.”

“झकास!” असं ती म्हणाली आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. घंटा झाली. मी खडू ठेवला. मी बोललेला शब्द न् शब्द खरा होता, कुठल्याही तपासनीसासमोर टिकला असता. तुम्ही निदान एका अक्षराचं खोटं लिहिलं होतंत, मला त्यासाठी अख्खा धडा लागला.

आठवड्याने, शनिवारी शाळा सुटताना, तिचे वडील आले. कामावरूनच आलेले, नखांत काळं तेल, अंगाला लोखंडाचा वास. स्टाफरूममध्ये खुर्ची दिली तर कपडे खराब आहेत म्हणून बसेनात. शेवटी कडेला टेकले.

“मॅडम, तुम्ही तिला काय सांगितलंत ओ? अख्ख्या आळीत सांगत फिरते, माझे पप्पा बॉम्बे ब्लड ग्रुपचे. मला टेस्टला नेणार म्हणते. लॅबमध्ये जाऊन चौकशीपण करून आली.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मी नाहीये ना बॉम्बे?”

“बहुतेक नाही,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. “आम्ही हिला संस्थेतून आणली. सात महिन्यांची होती. कागद आहेत सगळे, कोर्टाचे.” मी कागद मागेन असं त्यांना वाटलं की काय कोण जाणे. “तिला म्हाईत नाय. कधी सांगायचं हेच ठरत नव्हतं. आता काय करू? त्या लॅबवाल्याला सांगून ठेवू का, बॉम्बे लिही म्हणून?”

ते मनापासून विचारत होते. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी जाऊन तेही केलं असतं. मी म्हटलं, अजिबात नको, उद्या तुम्हाला रक्त लागलं तर चुकीच्या कागदाने जीवावर बेतेल. हे सोपं होतं, यात शास्त्र होतं. पण ते तसेच माझ्याकडे बघत राहिले. मग मी त्यांना माझं सांगितलं. तक्ता, लाल काट, हॉस्पिटलमधली चिठ्ठी, सगळं. माझ्या स्टाफमध्ये हे कुणाला ठाऊक नाही. नवऱ्याला आहे, बस. लेथवरच्या एका अनोळखी माणसाला मी ते भरदुपारी सांगत बसले.

“मॅडम, तुमचं पण?” ते म्हणाले. आणि मग, “राग आला होता तुम्हाला? वडिलांचा?”

“रागावायला ते हवे होते ना. विचारायला कुणी उरलंच नव्हतं.”

“दहावी झाली की सांगतो,” ते म्हणाले. “आता सांगितलं तर अभ्यासाची वाट लागेल.”

“आमच्याकडेही असंच ठरलं होतं.”

“बायको ऐकायची नाही.”

“दोघांनी मिळून सांगा. टेस्टच्या आधी सांगा. रिपोर्टमधून कळलं तर तिला ते तुमच्याकडून कळलं असं होणार नाही.”

ते उठले, खुर्चीचा हात रुमालाने पुसला आणि गेले.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. हजेरी घेताना तिच्या नंबरावर मी दाराकडे बघायची. गुरुवारी आली. तिची आई गेटपर्यंत सोडायला आली होती आणि ती आत गेल्यावरही गेटला धरून उभी होती. तासात तिने हात वर केला नाही. तास संपल्यावर स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. मी बाहेर गेले.

“तुम्हाला म्हाईत होतं?”

“अंदाज होता.”

“मग बॉम्बेचं कशाला सांगितलंत?”

“सगळ्यांसमोर दुसरं काही सुचलं नाही.”

“म्हणजे खोटंच.”

“ते खरं होतं. पण ते तुझं उत्तर नाही, हे मला कळत होतं.”

तिने करंगळीची शाई स्कर्टला पुसली. म्हणाली, “पप्पा रडले. मी कधी बघितलं नव्हतं. रविवारी मी म्हटलं चला टेस्टला, तर नको म्हणाले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घातला, तयार झाले, चपला घातल्या. आणि मग दारातच खाली बसले.” तिचा आवाज फुटला नाही. फुटला असता तर मला जवळ घेता आलं असतं. “मी सगळ्या वर्गाला सांगितलं होतं ना, मॅडम. बॉम्बे म्हणून. तुम्ही टाळ्या वाजवू दिल्यात.”

मी सॉरी म्हटलं. ती हो म्हणाली आणि गेली. हो म्हणजे काय ते मला कळलं नाही.

त्याला सहा आठवडे झाले. मागच्या शनिवारी पालकसभेला तिचे वडील भेटले, धुतलेल्या कपड्यांत ओळखूच आले नाहीत. म्हणाले, “बरी आहे मॅडम. पहिले दोन आठवडे बोलायचीच नाही. आता आईशी भांडते आधीसारखी, टीव्हीवरून. परवा कोर्टाचे कागद बघायला मागितले, बघितले, म्हणाली, यात माझं वजन किती कमी लिहिलंय. आणि हसली.” बरं झालं सांगितलं, असं ते म्हणाले. माझे आभार मानायला लागले तर मी कुणाला तरी हाक मारायचं निमित्त काढून उठले. कारण माझ्या तासाला ती मुलगी अजून गप्प असते. वही पूर्ण, आकृत्या नेटक्या, चाचणीत पैकीच्या पैकी. एकही प्रश्न नाही. मी काही सांगते तेव्हा ती लिहून घेण्याआधी क्षणभर थांबते, हे खरं की त्यातलंच काहीतरी असं तोलत असल्यासारखी. आणि तो क्षण झाला की मग मला पुढचं वाक्य आठवत नाही.

बाई, आता मला कळतं की तुमच्याजवळ किती वेळ होता. वही हातात धरून उभ्या राहिलात तेवढाच. चार सेकंद, पाच. तेवढ्यात तुम्हाला अख्खा हिशेब कळला आणि मागच्या बाकावरच्या कुणी तो मांडायच्या आत तुम्ही काट मारलीत. स्वतःच्या शिकवण्यावर मारलीत. मला तिच्यासमोर जे सुचलं नाही ते तुम्हालाही माझ्यासमोर सुचलं नव्हतं. मग तुम्ही निदान सुकटीच्या वासात येऊन आईसमोर बसलात आणि चूक झाली म्हणालात. मी तर त्या बापालाच माझ्याकडे येऊ दिलं. तुमच्यावर एवढी वर्षं रागावून राहायला मला जितका त्रास झाला, त्याच्या निम्म्या त्रासात मी मुलुंडला येऊन तुम्हाला विचारू शकले असते. तुम्ही सांगितलं असतंत, मला वाटतं.

हे मी कुठे पाठवणार? तुमची इमारत पाडून तिथे वीस मजले उभे राहिले आहेत. पुरवणीची चार पानं भरली, शाळेला हिशेब द्यायला नको म्हणून बरं.

एक गोष्ट त्या लेथवाल्या माणसाला सांगितली नाही, तुम्हाला सांगते. बाहेरच्या खोलीत माझी आई बसली आहे, एकोणऐंशीची. माझी मुलगी तिच्या पायाची नखं कापते आहे. आईला गुदगुल्या होतात, ती पाय ओढून घेते आणि ही ओरडते, “आजी, हलू नकोस गं, लागेल!” मुलगी एकवीसची झाली. तिला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही.